मॅटप्लॉटलिबच्या आलेखावरून माउस आणि कीबोर्डचं इनपुट कसं घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सेन्सरच्या नोंदींचा लांबलचक आलेख मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-लायब्ररीने काढला आहे. त्यावर डाव्या क्लिकने शिखरं खुणावायची आहेत, ‘डी’ दाबून चुकलेली खूण काढायची आहे आणि ‘एस’ दाबून सगळ्या खुणा फाइलमध्ये लिहायच्या आहेत. अडचणी चार आहेत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ज्युपिटर नोटबुकमध्ये क्लिकला प्रतिसादच मिळत नाही. स्क्रिप्टमधला कोड क्लासमध्ये हलवल्यापासून क्लिक पोचेनासे झाले आहेत. झूम करताना नको तिथे खुणा पडतात. आणि ‘एस’ दाबलं की चित्र साठवायची खिडकी उघडते.

यातल्या पहिल्या दोन अडचणी एकेका ओळीत सुटतात. उरलेल्या दोन जास्त महत्त्वाच्या आहेत, कारण तिथे क्लिक आणि कळ तुमच्यापर्यंत व्यवस्थित पोचते आहे. ती तुमच्यासाठी होती की आणखी कुणासाठी, हे मात्र कोड तपासत नाही. आलेखावरून इनपुट घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खरा वेळ या तपासणीवर द्यावा लागतो, म्हणून उत्तराचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

आधी नोटबुकचं पाहू. मॅटप्लॉटलिब चित्र काढण्याचं काम एखाद्या बॅकएंडकडे सोपवतं. ‘ॲग’ नावाचा बॅकएंड फक्त चित्र तयार करतो, त्याला खिडकी नसते. ‘टीके-ॲग’, ‘क्यूटी-ॲग’ हे खिडकी उघडतात आणि तिच्यातल्या हालचाली तुमच्या कोडपर्यंत आणतात. नोटबुकमधला ‘इनलाइन’ बॅकएंड आलेखाची तयार प्रतिमा सेलखाली चिकटवून मोकळा होतो. त्या प्रतिमेवर कितीही क्लिक केलंत तरी पायथनला त्याचा पत्ता लागत नाही. तिथे ‘आयपीवायएमपीएल’ हे पॅकेज बसवा आणि सेलमध्ये टक्क्याचं चिन्ह देऊन ‘मॅटप्लॉटलिब विजेट’ ही आज्ञा लिहा. मग आलेख जिवंत होतो. एक लक्षात ठेवा, अशा आलेखाच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे क्लिक किंवा कळ आली की आपोआप चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये, ‘प्रिंट’ केलेला मजकूर सेलखाली दिसेलच असं नाही. तो दिसला नाही म्हणून कॉलबॅक चालत नाही असा निष्कर्ष काढू नका. तपासणीसाठी मजकूर आलेखाच्या शीर्षकात लिहा, म्हणजे जे घडतं ते डोळ्यांसमोर घडतं.

स्क्रिप्टमध्ये ‘शो’ ही आज्ञा इव्हेंट लूप, म्हणजे क्लिक-कळांची वाट पाहत राहणारं चक्र, सुरू करते आणि खिडकी बंद होईपर्यंत पुढची ओळ चालू देत नाही. म्हणून कॉलबॅक जोडण्याचं काम ‘शो’च्या आधी करायचं. तुमचा स्वतःचा एखादा लूप चालू असेल आणि त्यात ‘टाइम स्लीप’ असेल, तर तेवढा वेळ खिडकी गोठते. त्याऐवजी पायप्लॉटचं ‘पॉज’ वापरा. ते थांबतंही आणि मधल्या काळात इव्हेंट हाताळतंही.

इथेच एक सरळ मार्ग सांगून टाकतो, कारण अनेकांची गरज तेवढ्यावर भागते. दोन-चार बिंदू निवडायचे आणि पुढे गणित करायचं एवढंच काम असेल तर ‘जीइनपुट’ पुरे. मॅटलॅबमधून आलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल. किती बिंदू हवेत ते सांगा, ते निवडून होईपर्यंत प्रोग्रॅम थांबतो आणि अक्षांवरच्या मूल्यांची यादी हातात देतो. डाव्या बटणाने बिंदू घ्यायचा, उजव्याने शेवटचा काढायचा, मधल्याने निवड संपवायची. संख्या शून्य किंवा ऋण दिली तर तुम्ही थांबवेपर्यंत बिंदू घेतले जातात. मेख वेळमर्यादेत आहे. ती मुळात 30 सेकंद असते. लक्षपूर्वक शिखर शोधणाऱ्या माणसाला 30 सेकंद फार कमी पडतात, आणि मुदत संपली की अर्धवट यादी गुपचूप परत येते. मर्यादा शून्य ठेवलीत तर ती उरत नाही. आणखी एक भाऊबंद आहे, ‘वेटफॉरबटनप्रेस’. कळ दाबली तर तो ‘ट्रू’ देतो, माउसचं बटण दाबलं तर ‘फॉल्स’, आणि मुदत टळली तर ‘नन’. ‘फॉल्स’ आणि ‘नन’ एकाच ‘इफ’मध्ये तपासू नका, दोन्हींचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत. नोटबुकमध्ये मात्र ‘जीइनपुट’च्या नादी लागू नये. सेल थांबून राहिला की तुमचा पायथन कोड चालवणारा कर्नल अडकतो, आणि ब्राउझरमधले क्लिक त्याच कर्नलकडे पोचायचे असतात.

तुमचं काम ‘जीइनपुट’च्या पलीकडचं आहे. खुणा घालायच्या, काढायच्या, मध्ये झूम करायचं, पुन्हा घालायच्या. त्यासाठी कॅनव्हासच्या, म्हणजे आलेख ज्या पृष्ठभागावर निघतो त्याच्या, ‘एमपीएल_कनेक्ट’ला इव्हेंटचं नाव आणि तुमचं फंक्शन द्यायचं. बटण दाबल्याचा, सोडल्याचा, माउस हलल्याचा, चाक फिरल्याचा, कळ दाबल्याचा, सोडल्याचा आणि एखाद्या घटकाची निवड झाल्याचा, असे स्वतंत्र इव्हेंट आहेत. जोडणीच्या बदल्यात एक पूर्णांक मिळतो. तो जपून ठेवा. जोडणी तोडताना ‘एमपीएल_डिसकनेक्ट’ला तोच द्यावा लागतो. नोटबुकमध्ये एकच सेल पुन्हापुन्हा चालवला आणि आलेख तोच राहिला तर तेच फंक्शन दरवेळी नव्याने जोडलं जाऊ शकतं, आणि मग एका क्लिकला तीन-तीन खुणा पडतात. नवं जोडण्याआधी जुनं तोडण्याची सवय लावून घ्या.

तुमची दुसरी अडचण इथली आहे. कॉलबॅक हे एखाद्या ऑब्जेक्टचं मेथड असेल तर कॅनव्हास त्याचा फक्त कमकुवत संदर्भ ठेवतो. तुमच्या कोडमध्ये आलेख काढणाऱ्या फंक्शनच्या आत ऑब्जेक्ट तयार होतो, त्याचं मेथड जोडलं जातं आणि फंक्शन संपतं. ऑब्जेक्टला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, पायथन त्याला मोडीत काढतं आणि जोडणी कसलीही त्रुटी न दाखवता नाहीशी होते. साध्या फंक्शनच्या बाबतीत असं होत नाही, म्हणूनच क्लासमध्ये हलवण्याआधी सगळं सुरळीत होतं. उपाय एवढाच की ऑब्जेक्ट फंक्शनमधून परत करा आणि बाहेर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. ‘विजेट्स’ मॉड्यूलमधले स्लायडर, बटण, लासो यांनाही हाच नियम लागू आहे. स्लायडर दिसतो पण हलत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा त्याचा संदर्भ कुठे ठेवला आहे ते विचारतो.

आता इव्हेंटच्या पोटात काय असतं ते. ‘एक्स’ आणि ‘वाय’ म्हणजे कॅनव्हासच्या डाव्या आणि खालच्या कडेपासूनचे पिक्सेल. ‘एक्सडेटा’ आणि ‘वायडेटा’ म्हणजे अक्षांवरची मूल्यं. ‘इनॅक्सेस’ सांगतं की माउस आलेखाच्या कोणत्या चौकटीत आहे. चौकटीबाहेर क्लिक झाला तर ‘इनॅक्सेस’, ‘एक्सडेटा’, ‘वायडेटा’ तिन्ही ‘नन’ असतात. अक्षाच्या नावावर कुणी चुकून क्लिक करणारच, तेव्हा कॉलबॅकची पहिली ओळ हीच तपासणी असू द्या. तीही ‘कुठल्यातरी चौकटीत आहे का’ अशी सैल नको. ‘माझ्या चौकटीत आहे का’ अशी हवी. उद्या शेजारी दुसरा आलेख आला तर त्याच्यावरचे क्लिक आपोआप वगळले जातील.

एकाच चौकटीवर उजवीकडे दुसरा अक्ष काढला असेल, म्हणजे ‘ट्विनएक्स’ वापरलं असेल, तर हीच तपासणी तुम्हाला अडवेल. तिथे दोन चौकटी तंतोतंत एकमेकींवर असतात आणि ‘इनॅक्सेस’ वरचीच देतं, जी बहुधा नंतर काढलेली दुसरी असते. ‘वायडेटा’ही तिच्याच मापाने येतो. तापमान खुणवायला जावं आणि आकडे दाबाच्या पट्टीवरचे मिळावेत, असा घोळ होतो, आणि आकडे दिसायला ठीकठाक असल्यामुळे तो लवकर ध्यानातही येत नाही. अशा वेळी ‘एक्सडेटा’वर विसंबू नका. पिक्सेलचे ‘एक्स’, ‘वाय’ घ्या आणि हव्या त्या चौकटीच्या ‘ट्रान्सडेटा’चं (अक्षांवरची मूल्यं पिक्सेलमध्ये बदलणाऱ्या रूपांतराचं) ‘इन्व्हर्टेड’ रूप वापरून स्वतः मूल्य काढा. पिक्सेल दोघींना सामाईक आहेत, त्यात फसगत नाही.

आडव्या अक्षावर तारखा असतील तर ‘एक्सडेटा’ हा अपूर्णांक असतो, 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले दिवस. ‘नम2डेट’ त्याची तारीख करून देतं, पण ती तारीख टाइमझोनसह येते, मुळात यूटीसीमध्ये. तुमच्या नोंदींच्या तारखा टाइमझोनविना असतील तर दोघींची तुलना करताना पायथन त्रुटी देईल. झोन काढून टाका किंवा दोन्हीकडे लावा, पण काय केलंत ते कोडमध्ये लिहून ठेवा.

‘इमशो’ने काढलेल्या प्रतिमेवर क्लिक घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. तिथे प्रत्येक पिक्सेलचं केंद्र पूर्णांकावर असतं. पाचव्या क्रमांकाचा स्तंभ 4.5 पासून 5.5 पर्यंत पसरलेला असतो. ‘एक्सडेटा’ 4.7 आला आणि तुम्ही ‘इंट’ लावलंत तर 4 मिळेल, म्हणजे शेजारचा स्तंभ. ‘राउंड’ लावा. आणि ॲरेमध्ये आधी ओळ, मग स्तंभ, म्हणजे आधी ‘वाय’, मग ‘एक्स’. चौरस प्रतिमेवर ही अदलाबदल कसलीही त्रुटी न देता चालून जाते, म्हणून चाचणी नेहमी लांबट प्रतिमेवर घ्यावी.

आता तिसरी अडचण, झूमची. टूलबारवरचं झूम किंवा पॅन चालू असतानाही बटण दाबल्याचा इव्हेंट तुमच्या कॉलबॅककडे येतोच. टूलबार त्याचं काम करतो, तुमचा कोड त्याचं. झूमचा चौकोन ओढायला जिथे बटण दाबलं तिथे खूण पडते. कॅनव्हासच्या मॅनेजरकडे, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टकडे, टूलबार असतो आणि टूलबारला ‘मोड’ असतो. काहीच चालू नसेल तेव्हा तो रिकामा असतो. रिकामा नसेल तर कॉलबॅकमधून लगेच परत फिरा. टूलबारच नसलेल्या खिडकीत मॅनेजरचा टूलबार ‘नन’ असतो, तेही तपासा. सोबत कॅनव्हासचं ‘विजेटलॉक’ कुलूपबंद आहे का ते पाहिलंत तर आणखी चांगलं. झूम, पॅन यांच्यासारखी साधनं काम चालू असताना हे कुलूप लावतात.

इतकं करूनही माणूस प्रत्येक खुणेमागे झूम बंद करायचा कंटाळा करतो. म्हणून मी क्लिकऐवजी कळेने खूण घालायची सोय हमखास ठेवतो. बऱ्याच जणांना माहीत नसतं की कळ दाबल्याच्या इव्हेंटमध्येही ‘इनॅक्सेस’, ‘एक्सडेटा’, ‘वायडेटा’ असतात, आणि ते त्या क्षणी कर्सर जिथे आहे तिथले असतात. म्हणजे उजव्या हाताने माउस शिखरावर न्यायचा आणि डाव्या हाताने ‘ए’ दाबायचा. झूम चालू असो वा नसो, खूण पडते. शिखरांचे प्रकार असतील तर आकड्यांच्या कळा त्यांना वाटून द्या : 1 म्हणजे खात्रीचं, 2 म्हणजे शंकास्पद, 3 म्हणजे गोंगाट. हजारो नोंदी पाहणाऱ्या माणसाचा हात किती कमी दमतो याचा विचार करा. माझ्या मते या कामासाठी हीच पद्धत सर्वांत चांगली आहे. क्लिक ही त्याच्या जोडीची सोय समजावी.

आणि मग कळांचा प्रश्न येतो. मॅटप्लॉटलिबने स्वतःसाठी बऱ्याच कळा आधीच राखून ठेवल्या आहेत. ‘एस’ चित्र साठवते. ‘क्यू’ खिडकी बंद करते. ‘जी’ जाळी दाखवते, ‘एफ’ पूर्ण पडदा करते, ‘पी’ पॅन, ‘ओ’ झूम, ‘एच’ किंवा ‘आर’ मूळ दृश्य. ‘एल’ उभा अक्ष लॉगरिदमिक करते आणि ‘के’ आडवा. ‘सी’, बॅकस्पेस आणि डावा बाण मागच्या दृश्यावर नेतात, ‘व्ही’ आणि उजवा बाण पुढच्या. यातल्या बाणांमुळे सर्वांत जास्त गोंधळ होतो. निवडलेली खूण बाणाने एकेक नोंद सरकवावी असं सगळ्यांच्याच मनात येतं. झूम केलेलं असताना बाण दाबला की खूण सरकते खरी, पण दृश्यही मागे उडी मारतं आणि ती खूण नजरेआड होते. बॅकस्पेसने खूण काढू पाहणाऱ्यांचंही तेच होतं.

‘एस’साठी ‘आरसीपॅरम्स’ या मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये ‘कीमॅप.सेव्ह’ची यादी आहे. तिच्यातून ‘एस’ काढा. कंट्रोलसह ‘एस’ राहू द्या, चित्र साठवायला ते लागतंच. हा बदल त्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या आलेखांना लागू होतो. फक्त एका खिडकीत आणि सगळ्याच राखीव कळा नको असतील, तर मॅनेजरच्या ‘की_प्रेस_हँडलर_आयडी’ची जोडणी तोडता येते. मी सहसा पहिला मार्ग घेतो आणि ज्या कळा मला हव्यात तेवढ्याच सोडवतो. झूम-पॅनच्या कळा सरावाच्या झालेल्या असतात, त्या वापरणाऱ्याच्या हातातून काढून घेऊ नयेत. ‘क्यू’ मात्र जरूर सोडवा. अर्धा तास खुणा घातल्यावर चुकून ‘क्यू’ला बोट लागलं आणि खिडकी गेली, असं होता कामा नये.

कळेचं नाव मजकूर म्हणून येतं. कंट्रोल धरला असेल तर ते ‘कंट्रोल अधिक’ असं सुरू होतं. शिफ्टसह अक्षर दाबलं तर मोठं अक्षर येतं, आणि कॅप्स लॉक चालू राहिला असेल तरी तेच, म्हणून तुलना करताना अक्षर लहान करून घ्या. न ओळखलेल्या कळेसाठी ‘नन’ येऊ शकतं. आधी ते तपासलं नाही तर लहान करण्याची ओळच त्रुटी देईल. कळ दाबून धरली की ऑपरेटिंग सिस्टीम तोच इव्हेंट पुन्हापुन्हा पाठवत राहते. बाणाने सरकवताना हे हवंसं असतं, खूण काढताना मुळीच नको. त्यामुळे ‘डी’ची कृती एकदा झाली की कळ सुटल्याचा इव्हेंट येईपर्यंत दुसरी करू नये. मात्र काही व्यवस्थांवर आपोआप होणाऱ्या पुनरावृत्तीत सुटल्याचे इव्हेंटही मिसळलेले असतात. तिथे दोन कृतींमध्ये किमान अंतर ठेवणं जास्त भरवशाचं. क्लिकच्या इव्हेंटमध्येही धरलेली कळ मिळते, पण ती मॅटप्लॉटलिबने आधीच्या कळांवरून लावलेली नोंद असते. कळ सोडताना फोकस दुसऱ्या खिडकीत गेला असेल तर ती नोंद शिळी राहते. नव्या आवृत्त्यांत माउसच्या इव्हेंटला ‘मॉडिफायर्स’ मिळाले आहेत. शिफ्ट-क्लिक, कंट्रोल-क्लिक यांसाठी ते पाहावेत.

कळा मुळीच पोचत नसतील आणि क्लिक मात्र येत असतील तर कारण बहुतेक फोकस. पायप्लॉटने उघडलेल्या खिडकीत त्याची काळजी घेतलेली असते. तुमच्या स्वतःच्या क्यूटी प्रोग्रॅममध्ये कॅनव्हास बसवला असेल तर त्याची ‘फोकस पॉलिसी’ ‘स्ट्राँगफोकस’ करा. टीकेमध्ये कॅनव्हासचं मूळ विजेट घेऊन ‘फोकस_सेट’ करा.

‘डी’ने कोणती खूण काढायची? कर्सरच्या सर्वांत जवळची. हे ‘जवळ’ मोजण्यात फार जण चुकतात. आडव्या अक्षावर सेकंद आणि उभ्यावर मिलिव्होल्ट असताना मूल्यांमधलं अंतर काढणं निरर्थक आहे. ज्या अक्षाचे आकडे मोठे तोच निकाल ठरवतो. डोळ्याला जे जवळ दिसतं ते पडद्यावर जवळ असतं. म्हणून सगळ्या खुणा ‘ट्रान्सडेटा’ने पिक्सेलमध्ये बदला, इव्हेंटच्या ‘एक्स’, ‘वाय’पासूनचं अंतर नमपायच्या ‘हायपॉट’ने काढा, सर्वांत कमी अंतराची खूण निवडा. ते अंतर 10-12 पिक्सेलपेक्षा जास्त असेल तर काहीच करू नका. ही शेवटची अट नसेल तर रिकाम्या जागी दाबलेली ‘डी’ दूरवरची एखादी चांगली खूण नेईल आणि कुणाला कळणारही नाही. लॉगरिदमिक अक्षावरही ही पद्धत जशीच्या तशी चालते.

मॅटप्लॉटलिबची स्वतःची निवडीची सोय, ‘पिक इव्हेंट’, हे काम काही अंशी करते. घटकाला ‘पिकर’ लावायचा, रेषेसाठी ‘पिकरेडियस’ द्यायची, की क्लिक झाल्यावर कोणता घटक आणि त्यातले कोणते क्रमांक हे मिळतं. क्रमांक एकापेक्षा जास्त येऊ शकतात आणि त्यातला पहिला हा सर्वांत जवळचा असतो असं नाही. शिवाय चाक फिरवल्यावरही हा इव्हेंट येतो. चाकाने झूम करायची सोय तुम्ही केली असेल तर प्रत्येक फिरवणीत निवड होत राहील. आतल्या ‘माउसइव्हेंट’चं बटण तपासा. घटक थोडे आणि वेगवेगळे असतील, उदाहरणार्थ रेषांच्या सूचीवर क्लिक करून एकेक रेषा लपवायची असेल, तर ‘पिक इव्हेंट’ उत्तम. बिंदूंच्या दाटीत मी वरचं गणित स्वतः करतो.

शिखर खुणावण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा परिणाम थेट निष्कर्षांवर होतो. एक लाख नोंदी 1000 पिक्सेल रुंदीत काढल्या असतील तर प्रत्येक पिक्सेलमागे 100 नोंदी आहेत. तिथला क्लिक कोणत्या नोंदीवर होता हे माउसला सांगताच येत नाही. ‘एक्सडेटा’चे दशांश स्थळापुढचे आकडे पाहून अचूकतेचा भास होतो, तेवढाच. म्हणून क्लिकचं मूल्य जसंच्या तसं साठवू नका. क्लिकच्या डावी-उजवीकडचे पाच-पाच पिक्सेल घ्या, ते उलट रूपांतराने वेळेत बदला, ‘सर्चसॉर्टेड’ने त्या टप्प्यातल्या नोंदी शोधा आणि त्यांतली सर्वांत मोठी नोंद हे शिखर माना. साठवायचा तो त्या नोंदीचा क्रमांक. टप्पा पिक्सेलमध्ये ठरवल्यामुळे झूम केलं की तो आपोआप अरुंद होतो. जवळजवळची दोन शिखरं वेगळी करायची असतील तर माणूस झूम करतो आणि निवडही तितकी बारीक होते. एकच आलेख दोघांनी खुणावला तर त्यांच्या खुणा जुळण्याची शक्यता यामुळे खूप वाढते.

खूण ओढून हलवण्याची सोय करायची असेल तर दाबणं, हलणं, सोडणं हे तीन कॉलबॅक आणि मध्ये एक स्थिती लागते : काहीच नाही, दाबलेलं आहे, ओढणं चालू आहे. दाबल्याबरोबर ओढणं सुरू झालं असं मानू नका. हात थोडा हलतोच. चार-पाच पिक्सेल सरकल्यावरच ओढणं समजा, त्याच्या आत सुटलं तर तो क्लिक. ओढताना माउस चौकटीबाहेर जाईल, तिथे ‘एक्सडेटा’ ‘नन’ होईल. त्या वेळी पिक्सेलवरून रूपांतर करा आणि मूल्य चौकटीच्या मर्यादेत दाबून बसवा. सोडल्याच्या कॉलबॅकमध्ये मात्र ‘चौकटीत आहे का’ हे विचारूच नका, कारण बाहेर सोडलं तरी स्थिती मोकळी व्हायलाच हवी. ती झाली नाही तर खूण कर्सरला चिकटून फिरत राहते. दोनदा क्लिकचंही असंच. त्यात आधी एक साधा दाबल्याचा इव्हेंट येतो आणि मग ‘डबलक्लिक’ खरं असलेला दुसरा. एका क्लिकला खूण घालणं आणि दोन क्लिकना ती काढणं, अशी वाटणी त्यामुळे कधीच नीट बसत नाही. दोन क्लिकची कृती अशी निवडा की आधीचा एक क्लिक होऊन गेला तरी बिघडू नये.

पुन्हा चित्र काढण्यासाठी ‘ड्रॉ’ऐवजी ‘ड्रॉ_आयडल’ वापरा. ते ताबडतोब न काढता लूप रिकामा झाला की एकदाच काढतं, त्यामुळे पाठोपाठच्या दहा हालचालींसाठी दहा वेळा चित्र निघत नाही. प्रत्येक खुणेसाठी नवी ‘स्कॅटर’ काढू नका. सगळ्या खुणांची एकच रेषा ठेवा, फक्त चिन्हं असलेली, आणि दरवेळी तिला ‘सेट_डेटा’ने पूर्ण यादी द्या. लाखभर नोंदींच्या आलेखावर ओढणं तरीही अडखळत असेल तर ब्लिटिंगकडे वळा. खुणांच्या रेषेला ‘ॲनिमेटेड’ करा, बाकीचा आलेख एकदा काढून ‘कॉपी_फ्रॉम_बीबॉक्स’ने त्याची प्रत घ्या, आणि प्रत्येक हालचालीला ती प्रत परत ठेवून वर फक्त खुणा काढा. ही प्रत घेण्याची योग्य जागा म्हणजे ‘ड्रॉ_इव्हेंट’चा कॉलबॅक. खिडकीचा आकार बदलला, झूम झालं, काहीही झालं तरी तो इव्हेंट येतो, आणि प्रत कधी जुनी राहत नाही. ॲनिमेटेड खुणा नेहमीच्या चित्रणात वगळल्या जातात, तेव्हा त्याच कॉलबॅकमध्ये त्या काढायलाही विसरू नका.

खुणांची खरी यादी आलेखात राहता कामा नये. ती तुमच्या स्वतःच्या ऑब्जेक्टमध्ये, नोंदींच्या क्रमांकांच्या रूपात असावी, आणि आलेख तिच्यावरून काढला जावा. कॉलबॅक फक्त यादी बदलतो आणि चित्र ताजं करायला सांगतो. असं केलं की मागची कृती उलटवणं म्हणजे यादीची आधीची प्रत परत आणणं, एवढंच उरतं. ही सोय पहिल्या दिवसापासून द्या. आणि साठवणं फक्त ‘एस’वर सोडू नका. प्रत्येक बदलानंतर फाइल लिहा, यादी छोटीच असते. माणसाने लक्ष देऊन घातलेली खूण हा या सगळ्या कामातला सर्वांत महाग भाग आहे.

दुसरी साधनं वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्लॉटलीमध्ये क्लिकचा इव्हेंट काढलेल्या बिंदूंवरच येतो, रिकाम्या जागेवर येत नाही, हे आधीच गृहीत धरून रचना करा. बोकेमध्ये ‘टॅप’ इव्हेंट रिकाम्या जागेवरही अक्षांवरची मूल्यं देतो. आरमध्ये ‘लोकेटर’ जागा देतं आणि ‘आयडेंटिफाय’ सर्वांत जवळचा बिंदू देतं. नूप्लॉटमध्ये ‘पॉज माउस’ आहे, त्यानंतर जागा आणि कळ व्हेरिएबलमध्ये मिळतात. पिक्सेलमध्ये अंतर मोजण्याचं तत्त्व सगळीकडे तेच लागू आहे.

शेवटी चाचणी, कारण हा कोड हाताने क्लिक करून तपासत बसणं कंटाळवाणं आहे आणि म्हणून कुणी तपासतच नाही. खिडकीची गरज नाही. ‘ॲग’ बॅकएंडवर आलेख काढा, एकदा ‘ड्रॉ’ करा म्हणजे अक्षांच्या मर्यादा पक्क्या होतात, मग हव्या त्या मूल्याचे पिक्सेल ‘ट्रान्सडेटा’ने काढा. त्या पिक्सेलवरचा ‘माउसइव्हेंट’ स्वतः तयार करा आणि कॅनव्हासच्या ‘कॉलबॅक्स’कडे ‘प्रोसेस’ करायला द्या. तुमचं फंक्शन खऱ्या क्लिकसारखंच चालतं. याचा आणखी एक फायदा आहे. खिडकी असताना कॉलबॅकमधली त्रुटी फक्त टर्मिनलवर छापली जाते आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. टर्मिनल समोर नसेल तर ती कुणालाच दिसत नाही. खिडकी नसताना तीच त्रुटी वर फेकली जाते आणि चाचणी नापास होते. चौकटीबाहेरचा क्लिक, ‘नन’ आलेली कळ, चौकटीबाहेर सोडलेलं बटण आणि झूम चालू असतानाचा क्लिक, या चार चाचण्या आधी लिहा. ‘ॲग’वर टूलबार नसतो, म्हणून शेवटच्या चाचणीत ‘मोड’ भरलेला एक लुटुपुटीचा टूलबार मॅनेजरला जोडून द्या.